वस्ती ऊसतोडीला गेली, आता क्षेत्रकार्य कुणासोबत करू?

पत्र

मी बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात बी. एस. डब्ल्यू.च्या (समाजकार्याच्या पदवीच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. गुरुवार-शुक्रवार माझं क्षेत्रकार्य, म्हणजे संस्थेत आणि वस्तीवर जाऊन प्रत्यक्ष काम शिकणं, असतं. मला दिलेली संस्था बचत गटांचं काम करते. ऑगस्टपासून मी तिथं बहुतेक वेळ रजिस्टरं भरते आणि मोबाइलवर माहिती चढवते. माझ्याकडं दिलेली वस्ती दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेली. म्हातारी माणसं आणि लेकरं तेवढी राहिलीत. ज्या दोन कुटुंबांसोबत व्यक्ती सहाय्य कार्य (एकेका व्यक्तीची किंवा घराची अडचण त्यांच्यासोबत राहून सोडवणं) सुरू केलं होतं, तीही गेली. अहवालावर महाविद्यालयातल्या मार्गदर्शक मॅडम ‘सविस्तर लिहा’ एवढाच शेरा देतात. सविस्तर म्हणजे नेमकं काय लिहू? आणखी एक. वस्तीवर आजीजवळ राहणारी दहावीतली मुलगी आहे. तिच्या लग्नाची बोलणी चाललीत असं शेजारच्या बाईंनी सांगितलं. मी अजून कुणाला बोलले नाही. मी नुसती विद्यार्थिनी आहे, मला काही अधिकार आहे का?

उत्तर

तू शेवटी लिहिलेली गोष्ट आधी घेऊ, कारण बाकीचं आठवडाभर थांबलं तरी चालेल, ही थांबणार नाही.

लग्न थांबवण्याचा अधिकार तुझ्याकडे नाही. कळवण्याचा आहे, तो प्रत्येकाला आहे. हे वाचून झालं की आजच मॅडमना फोन कर, पुढच्या गुरुवारची वाट बघू नकोस. फोनवर मोजकं सांग: गाव आणि वस्ती, मुलगी कोणत्या शाळेत आहे, कुणाजवळ राहते, लग्न कुठं आणि कधी ठरतंय असं कानावर आलं. ऐकलेलं काय आणि स्वतः पाहिलेलं काय, हे वेगवेगळं सांग. शेजारच्या बाईंचं नाव मात्र पुढे जाऊ देऊ नकोस. चाळीस घरांच्या वस्तीत ‘कुणी सांगितलं’ हे एकदा फुटलं की त्या बाईला तिथं राहणं अवघड होतं, आणि यापुढे तुला कुणी काही सांगणार नाही.

नंतर मॅडम आणि संस्थेचे पर्यवेक्षक यांच्याशी ठरवून १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवायचं. हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन करणाऱ्याचं नाव गुप्त राहतं. दोघांपैकी कुणीच फोन उचलला नाही, तर त्याच दिवशी तू स्वतः १०९८ ला कळव. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक असतात आणि अंगणवाडी सेविका त्यांना मदत करतात. वयाचा पुरावा शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मिळतो; तो मागवणं त्यांचं काम आहे, तू मुख्याध्यापकांकडे चौकशी करत फिरू नकोस. २००६ च्या कायद्याने मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण हवं. न्यायदंडाधिकारी मनाई हुकूम देऊ शकतात आणि तो मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्द ठरतं. ज्या मुलीचं लग्न असं होऊ घातलंय ती बाल न्याय कायद्यानुसार ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक’ ठरते, म्हणजे तिचं प्रकरण जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीसमोर जाऊ शकतं.

आता जे करायचं नाही ते. आजीला जाऊन कायद्याची भीती घालू नकोस. वर्गातल्या पोरी गोळा करून त्याच वस्तीवर बालविवाहावर पथनाट्य बसवू नकोस. अशानं घरचे सावध होतात आणि लग्न दुसऱ्या गावी किंवा थेट कारखान्यावर, आईबापांच्या कोपीवर (तात्पुरत्या झोपडीवर) उरकलं जातं. मग कुणाचाच हात पोचत नाही. मुलीशी बोलायची वेळ आली तर मॅडमच्या सल्ल्यानं आणि चारचौघांच्या नजरेआड. वाटेत अडवून मुळीच नाही.

लग्न थांबलं की काम संपलं, असं बऱ्याच जणांना वाटतं. ते तिथून सुरू होतं. वयात आलेली पोर सहा महिने म्हातारीच्या भरवशावर कशी ठेवायची, या काळजीतून ही लग्नं ठरतात. शिवाय नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो आणि मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) कोयत्यावर मिळते. ही दोन्ही कारणं जशीच्या तशी राहिली तर पुढच्या दसऱ्याच्या आत पुन्हा बोलणी सुरू होतात. म्हणून मुलीच्या राहण्याची आणि शिकण्याची सोय बघावी लागते. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. जागा शिल्लक आहे का, हे सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयात मॅडमच्या पत्रासह विचारता येईल. पाठपुरावा हे तुझं खरं काम, आणि ते विद्यार्थिनी म्हणून तुला नक्की करता येतं.

आता रजिस्टरांकडे येऊ. रजिस्टर भरणं हे काम कमी प्रतीचं नाही, पण सहा-सात तासांच्या दिवसात दोन तासांपेक्षा जास्त वेळ त्यात जात असेल तर ते शिक्षण उरत नाही. संस्थेला बिनपगारी माणूस मिळालेलं असतं. यात संस्थेचा हेतू वाईट असतोच असं नाही. तू काय शिकायला आली आहेस हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. महाविद्यालयाच्या पत्रात ‘विद्यार्थ्यास क्षेत्रकार्याची संधी द्यावी’ एवढंच असतं, आणि समोर कामाचा ढीग असलेली कार्यकर्ती हाताशी आलेल्या पोरीला रजिस्टर देते.

म्हणून एक पानाचं शिक्षण नियोजन लिही. त्यात या सत्रात तू काय काय करणार हे आकड्यात हवं. उदाहरणार्थ दोन व्यक्ती सहाय्य कार्यं. आठ ते बारा जणांच्या एका गटासोबत सहा बैठकांचं गट कार्य. समुदायातला एक उपक्रम. संस्थेच्या प्रशासनाचा अभ्यास. तुमच्या क्षेत्रकार्य पुस्तिकेत जे आकडे असतील तेच धर, आमचे नकोत. शेवटच्या ओळीत लिही: ‘दर गुरुवारी दुपारी तीन ते साडेतीन संस्था पर्यवेक्षकांसोबत चर्चा.’ खाली तीन सह्या: तुझी, संस्थेची, मॅडमची. तीन प्रती काढ. तोंडी तक्रारीनं जे होत नाही ते या पानानं होतं, कारण चार आठवड्यांनी ते पुढे ठेवून ‘यातलं एवढं झालं, एवढं राहिलं’ असं शांतपणे बोलता येतं. चार आठवड्यांनंतरही काही हललं नाही, तर संस्था बदलून मिळण्याचा लेखी अर्ज कर. त्याआधी करू नकोस. सत्राच्या मध्येच संस्था बदलली की नव्या ठिकाणी ओळख होण्यातच बराच वेळ जातो.

तोवर हातातलं रजिस्टर भरता भरता वाच. बचत गटाची पंचसूत्री तुला पाठ असेल: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. आता तुझ्या वस्तीवरच्या गटाचं हजेरीचं पान काढ आणि ऑगस्ट ते नोव्हेंबर एका खाली एक बघ. कोणाची हजेरी दसऱ्यापासून थांबली? त्यांचा हप्ता कोण भरतंय? कर्जाच्या कारणांत ‘दवाखाना’ किती वेळा आलंय? सगळ्या बाया गावात आहेत असं धरून केलेले नियम सहा महिने बाहेर असणाऱ्या बाईला कसे लागू पडतात, हा प्रश्न तुला त्या पानावर दिसेल. तो घेऊन पर्यवेक्षकांकडे गेलीस की त्या तुझ्याशी वेगळ्या बोलतील.

एका बाबतीत मात्र ठाम राहा. न झालेल्या बैठकीच्या हजेरीवर, मागच्या तारखेच्या कागदावर किंवा दुसऱ्याच्या नावापुढे सही करायची नाही. कुणी मागितली तर ‘मॅडमना विचारून करते’ एवढंच म्हण आणि खरोखर विचार. बायकांच्या आधारकार्डांचे फोटो तुझ्या फोनमध्ये ठेवायचे नाहीत, त्यांचा ओटीपी तू टाकायचा नाही. पुढे पैशाचा काही घोळ निघाला तर सगळ्यात आधी त्या पोरीचं नाव येतं जी दोन महिन्यांपासून येत होती.

रिकाम्या वस्तीचा प्रश्न तुझा एकटीचा नाही. बीड, जालना, परभणी, धाराशिव इथल्या अनेक विद्यार्थ्यांना दर वर्षी तो पडतो, कारण महाविद्यालयाचं वेळापत्रक आणि ऊस हंगामाचं वेळापत्रक एकमेकांना कापतं. प्रवेश आणि संस्था वाटप होईपर्यंत ऑगस्ट उजाडतो, कुटुंबांशी ओळख होईपर्यंत सप्टेंबर सरतो, आणि दसरा झाला की ट्रक-ट्रॅक्टर लागतात. माणसं परत येतात तेव्हा तुमच्या परीक्षा असतात. महाविद्यालयांनी यावर गंभीरपणे विचार करावा असं आम्हाला मनापासून वाटतं: अशा वस्त्यांवरचं क्षेत्रकार्य जुलैतच सुरू करावं, आणि क्षेत्रकार्याचे दिवस एकत्र जोडून एखादा सलग आठवडा दसऱ्याआधी वस्तीवर घालवू द्यावा. ग्रुप कॉन्फरन्समध्ये (मॅडम आणि विद्यार्थ्यांच्या गटचर्चेत) हा मुद्दा तू मांड.

पण यंदाचं काय? वस्ती रिकामी झालेली नाही. कमावती माणसं गेली. उरलेल्यांची गरज उलट वाढली. गावच्या शाळेत हंगामी वसतिगृह चालू आहे का ते बघ. आईबाप स्थलांतरित झालेल्या मुलांना गावातच ठेवून शाळा चालू राहावी म्हणून ते असतं आणि शाळा व्यवस्थापन समिती ते चालवते. तुझं गट कार्य तिथं उभं राहील. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घे, दहा-बारा मुलं घे, वयोगट फार विखुरलेला नको. सहा बैठका आधीच आखून ठेव, प्रत्येकी पाऊण तास. पहिल्या दोन बैठकांत फक्त खेळ आणि ओळख. ‘आईची आठवण येते का’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारू नये, एक मूल रडलं की सगळी रडतात आणि तुला सावरता येत नाही. तिसऱ्या-चौथ्या बैठकीत मुलं चित्रातून, नकाशातून आपणहून सांगू लागतात: आमचे कुठं गेले, कोणत्या कारखान्यावर, फोन कधी येतो. शेवटची बैठक निरोपाची, आणि ती शेवटची आहे हे मुलांना दोन बैठका आधीपासून माहीत हवं.

व्यक्ती सहाय्य कार्यासाठी म्हाताऱ्या माणसांकडे वळ. श्रावणबाळ योजनेचा अर्ज अडलेला, बँक खात्याला आधार न जोडल्यानं पैसे थांबलेले, हयातीचा दाखला राहिलेला, रेशनच्या मशीनवर अंगठा न उमटणारा, अशी दोन-तीन माणसं तुला एका दुपारच्या फेरीत सापडतील. यातलं एक प्रकरण घे आणि शेवटपर्यंत ने. नुसता अर्ज भरून देणं म्हणजे व्यक्ती सहाय्य कार्य नव्हे. त्या माणसाला स्वतः काय हवंय, घरात आणखी कोण मदत करू शकतं, पुढच्या वेळी तहसीलला तू नसताना कोण जाईल, हे सगळं त्यात येतं.

गेलेल्या दोन कुटुंबांचा धागाही तोडू नकोस. फोन चालू असेल तर विचार, ‘कधी केला तर बरं पडेल?’ टोळीला ठरलेली सुट्टी नसते, रात्रीअपरात्री गाडी भरावी लागते, तेव्हा सकाळी अकराला फोन करून ‘उचलत नाहीत’ असं अहवालात लिहिणं बरोबर नाही. त्यांच्यापैकी कुणाचं रेशन इथं अडकलं असेल तर एक देश एक रेशनकार्डमुळे ते जिथं आहेत तिथल्या दुकानात धान्य घेता येतं, हे सांग. कुणी गरोदर असेल तर माता व बाल संरक्षण कार्ड सोबत नेलंय का विचार. आणि ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र, जे ग्रामसेवक देतात, कुणाकुणाकडे नाही याची यादी आत्ताच करून ठेव. पुढच्या वर्षी तुझ्या जागी येणाऱ्या विद्यार्थ्याला ती पहिल्याच आठवड्यात लागेल.

आता ‘सविस्तर लिहा’. तुझ्या अहवालात बहुधा अशी वाक्यं असतील:

‘आज तीन गृहभेटी दिल्या. महिलांना रेशनविषयी मार्गदर्शन केले. त्यांचा प्रतिसाद चांगला होता.’

यावर मॅडमना शेरा देण्यासारखं काहीच नाही. कुणी काय म्हणालं, तू काय म्हणालीस, नंतर काय झालं, यातलं काहीच कागदावर नाही. हे वाक्य दोनच्या जागी चार पानं लांबवलं तरी सविस्तर होणार नाही. तीनपैकी एकच भेट घे आणि अशी लिही:

‘सकाळी ११ ते ११.४०. घर क्र. ७. आजी (अंदाजे ६५), दोन नातवंडं. रेशन मिळतं का विचारलं. त्या म्हणाल्या, “अंगठा उठंना झालाय मशीनवर. दुकानदार म्हंतोय पुढल्या म्हैन्यात या.” मी लगेच म्हणाले, “मग आधार केंद्रात जाऊन अपडेट करा.” त्या गप्प झाल्या आणि चूल फुंकायला लागल्या. मला वाटलं त्यांना माझं पटलं नाही. थोड्या वेळानं धाकटा नातू म्हणाला, “आजी मला सोडून कुठं जात नाय.” तेव्हा लक्षात आलं, केंद्र तालुक्याला आहे आणि दिवसभर लेकरं कुणाजवळ ठेवायची हे मी विचारलंच नव्हतं. पुढच्या भेटीत: शाळेच्या वेळात जाऊन येणं जमेल का, अंगणवाडी ताई लहान्याला सांभाळतील का, दुकानदारानं कशाच्या आधारे परत पाठवलं.’

वीस मिनिटांचं लिखाण आहे हे. पण यात मॅडमना बोलायला चार जागा आहेत: सल्ला देण्याची घाई, गप्प बसण्याचा तू लावलेला अर्थ, लहान्यानं दिलेली माहिती, दुकानदाराची बाजू. स्वीकार (माणसाला आहे तसं मानणं) आणि स्वनिर्णय (त्याचा निर्णय त्याला घेऊ देणं) ही तत्त्वं परीक्षेत लिहितेस ती इथं, चुलीपुढं, कामाला लागतात. पानाच्या डावीकडे एक तृतीयांश जागा शेऱ्यासाठी कोरी सोड. अहवाल त्याच रात्री लिही. शनिवारी लिहिला की लोकांची वाक्यं जातात आणि ‘मार्गदर्शन केले’ उरतं.

मॅडम एवढा वेळ देतील का? त्यांची बाजूही बघ. एका प्राध्यापकाकडे वीस विद्यार्थी असले आणि प्रत्येकाला आठवड्याला अर्धा तास द्यायचा म्हटलं तर दहा तास होतात, तासिका आणि बाकीची कामं वेगळी. म्हणून पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास वैयक्तिक चर्चेसाठी माग आणि मोकळ्या हातानं जाऊ नकोस. आदल्या दिवशी अहवालातला एकच प्रसंग खूण करून दे, सोबत दोन प्रश्न: इथं मी काय वेगळं करू शकले असते, आणि पुढच्या भेटीत काय करू. समोर नेमका प्रसंग असला की थकलेल्या शिक्षकालाही बोलावंसं वाटतं. वर्षाच्या शेवटी तुझ्या हाती जे कसब उरणार आहे ते या अर्ध्या तासांतून येतं, म्हणून या एका गोष्टीसाठी हट्ट धर. बाकी कशासाठी नाही धरलास तरी चालेल.

नावांबद्दल. गावाचं नाव आणि आडनावाचं पहिलं अक्षर लिहिलं तर छोट्या वस्तीतला माणूस कुणीही ओळखतो, तेव्हा घराला क्रमांक दे आणि क्रमांकांची यादी वेगळ्या वहीत, घरी ठेव. त्या दहावीतल्या मुलीबद्दल अहवालात एवढंच: ‘संवेदनशील बाब, तारीख अमुक, पर्यवेक्षकांना तोंडी कळवली.’ जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेले) फोटो महाविद्यालयाला हवे असतात. ते शाळेच्या फलकाचे, गटाचे पाठमोरे, विचारून काढ. कुणाच्याही घरातला फोटो स्टेटसला ठेवायचा नाही.

येण्याजाण्याचं थोडक्यात. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, तरी वस्ती फाट्यापासून आत असते. शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी ही तुझी परतीची गाडी समज. वस्तीवर पोचल्याचा आणि निघाल्याचा निरोप मैत्रिणीला आणि मॅडमना. क्षेत्रकार्याच्या ठिकाणी किंवा वाटेत कुणी अंगचटीला आलं, घाणेरडं बोललं, तर ते ‘महाविद्यालयाबाहेरचं’ म्हणून टाळता येत नाही: यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१५ च्या नियमांत क्षेत्रभेटी आणि इंटर्नशिपची ठिकाणंही धरलेली आहेत. तीन महिन्यांच्या आत अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी द्यायचं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच आजींना आणि शाळेला तुझा शेवटचा दिवस सांग. तहसीलमध्ये अडलेला अर्ज कोणत्या टेबलावर आहे, पोच कुठं ठेवलीय, पुढं कुणाला भेटायचं, हे एका कागदावर लिहून एक प्रत आजींच्या डब्यात, एक संस्थेत दे.